फाइल कोणाच्या हातून येतेय, ते आधी बघा

वाचक ताईंचं पत्र

आम्ही पाटण तालुक्यात डोंगरावरच्या एका वाडीत राहतो. घरात मोबाइलला रेंज नसते. खाली फाट्यावर गेलं की मिळते. सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत, अंथरुणाला खिळून आहेत. जुनी नाट्यपदं, अभंग, कीर्तन हा त्यांचा जीव की प्राण. रेडिओ बंद पडला, दुरुस्त करणारा मिळत नाही. शेजारच्या मुलानं टेलिग्रामवरची एक लिंक पाठवली. म्हणाला, "काकू, यात गाणी, नाटकं, पिक्चर सगळं फुकट आहे." ती दाबली तर एक फाइल उतरली आणि "हे ॲप इन्स्टॉल करा" असं आलं. मी घाबरून मागं आले. माझ्या फोनवर बँकेचं खातं आहे. डाउनलोड कसं करायचं, कुठून करायचं आणि यात चोरी होते का, हे मला पहिल्यापासून सांगाल का? सासूबाईंचं झालं की एखादा सिनेमा मलाही बघायला आवडेल.

उत्तर

ताई, नमस्कार. सगळ्यात आधी बँकेची काळजी मिटवू, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल.

तुम्ही मागं आलात ते अगदी योग्य केलंत. फोनमध्ये जी फाइल उतरली तिच्या नावाच्या शेवटी बहुतेक "एपीके" असं असेल. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर बसवायचं ॲप. ती फाइल नुसती उतरून पडली आहे तोवर ती काही करू शकत नाही. "इन्स्टॉल" दाबल्यावरच ती कामाला लागते. म्हणून आत्ता एवढंच करा. फोनमधलं "फाइल्स" हे ॲप उघडा, "डाउनलोड्स" मध्ये जा, ती फाइल दाबून धरा आणि काढून टाका. मग सेटिंग्जमध्ये वर शोधायची जागा असते, तिथं "अननोन ॲप्स" असं लिहून पाहा. कोणकोणत्या ॲपला बाहेरची ॲप्स बसवायची परवानगी आहे, त्याची यादी दिसेल. टेलिग्राम, व्हॉट्सॲप, क्रोम, सगळ्यांची परवानगी बंद ठेवा.

असली ॲप्स काय करतात तेही सांगते, कारण पुढच्या वेळी आमंत्रण वेगळ्या रूपात येईल. लग्नपत्रिका म्हणून येतं, वीजबिल म्हणून येतं, सरकारी योजनेची यादी म्हणून येतं. बसवल्यावर ते मेसेज वाचायची परवानगी मागतं आणि "ॲक्सेसिबिलिटी" नावाची आणखी एक परवानगी मागतं. पहिलीमुळं बँकेचा ओटीपी त्यांच्या हाती जातो. दुसरीमुळं तुमच्या पडद्यावर काय चाललंय ते दिसतं आणि तुमच्याऐवजी बटणंही दाबता येतात. गाणं वाजवायला या दोन्हींची काहीएक गरज नसते. घरातल्या किंवा शेजारच्या कुणी असं ॲप बसवलं असेल तर फोन लगेच फ्लाइट मोडवर टाका, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी क्रमांकाला फोन करा. इथं वेळेला फार महत्त्व आहे. पैसे पुढं सरकायच्या आत कळवलं तर ते अडवून ठेवण्याची शक्यता असते. "लोक काय म्हणतील" म्हणून दुपारचं संध्याकाळवर ढकलू नका. शेजारच्या मुलालाही हे सांगा. त्यानं वाईट हेतूनं पाठवलं नसणार, बहुधा त्यालाही कुणी तरी तसंच पाठवलं असेल.

आता मूळ प्रश्न. इंटरनेटवर बघणं-ऐकणं दोन तऱ्हेचं असतं. एकात गाणं वाजत असताना ते तिकडून थोडं थोडं येत राहतं. रेंज गेली की थांबतं. दुसऱ्यात आख्खी फाइल आधी तुमच्या फोनमध्ये उतरते आणि मग इंटरनेट असो-नसो, ती वाजते. दुसरं म्हणजे डाउनलोड. तुमच्या वाडीला हेच हवं.

पण "डाउनलोड" या एकाच बटणामागं दोन निराळे व्यवहार असतात. ते वेळेवर कळले नाहीत तर फाट्यावरून धापा टाकत घरी आल्यावर गाणं वाजणार नाही.

यूट्यूब किंवा गाण्यांच्या आणि सिनेमांच्या ॲपमध्ये जे डाउनलोड असतं ते वाचनालयातून आणलेल्या पुस्तकासारखं असतं. घरी नेता येतं, वाचता येतं, पण मालकी त्यांची आणि मुदतही त्यांची. ती फाइल ॲपच्या आतच राहते, बाहेर काढून स्पीकरच्या कार्डात टाकता येत नाही. ठरावीक काळानं फोन एकदा इंटरनेटला जोडावा लागतो, नाहीतर ती वाजेनाशी होते. उदाहरणार्थ, स्पॉटिफायचं पैसे भरून घेतलेलं सदस्यत्व असेल तर उतरवलेली गाणी टिकवायला ३० दिवसांत निदान एकदा ऑनलाइन जावं लागतं. नेटफ्लिक्सवर काही सिनेमे पाहायला सुरुवात केल्यापासून ४८ तासांत संपवावे लागतात. यात फसवणूक काही नाही. पैसे भरणं थांबलं की गाणीही थांबतात, एवढा हिशोब आधी मनाशी ठेवायचा. घरातलं कुणी महिन्यातून एकदा तरी कऱ्हाडला जात असेल, तर ही सोय तुमच्या चांगल्याच कामाची आहे.

दुसरा व्यवहार म्हणजे मोकळी फाइल. एमपी थ्री किंवा एमपी फोर. ती फोनच्या साठ्यात येऊन पडते, कार्डात टाकता येते, दुसऱ्या फोनवर वाजते, दहा वर्षांनीही वाजते. सासूबाईंसाठी तुम्ही हिच्याच मागं लागावं असं मला मनापासून वाटतं. त्यांना हवं ते संगीत इतकं जुनं आहे की त्यातलं बरंच कायद्यानंच सगळ्यांचं झालेलं आहे.

इथं थोडं थांबते, कारण तुमच्या "चोरी होते का" या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे, आणि असा प्रश्न विचारणारी माणसं मला फार मोलाची वाटतात.

आपल्याकडं १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्यानुसार ध्वनिमुद्रिका आणि सिनेमा यांच्यावरचा हक्क, ज्या वर्षी ते प्रसिद्ध झाले त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे १९६० साली निघालेल्या तबकडीवरचा हक्क २०२० संपताना संपला. १९७५ साली निघालेली मात्र २०३५ च्या अखेरीपर्यंत कंपनीची आहे. पद्य लिहिणारा आणि चाल देणारा यांचा हक्क वेगळा मोजतात: त्यांच्या हयातीत आणि मृत्यूनंतर आणखी ६० वर्षं. त्यामुळं गाणं मोकळं आहे का हे पाहताना तीन गोष्टी बघायच्या. मुद्रिका कधीची, शब्द कुणाचे आणि चाल कुणाची.

बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या घ्या. स्वयंवर नाटक १९१६ चं. पदं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची, ते १९४८ साली गेले. चाली भास्करबुवा बखल्यांच्या, ते १९२२ साली गेले. त्या नाटकातल्या पदांची बालगंधर्वांच्या आवाजातली जुन्या काळातली तबकडी असेल, तर शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण या तिन्हींवरचे हे हक्क केव्हाच संपलेले आहेत. मानापमानच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, ते १९५५ साली गेले, म्हणजे २०१५ च्या अखेरीला तिथलीही मुदत संपली. किर्लोस्कर आणि देवल तर त्याही आधीचे. सासूबाईंच्या आवडीची निम्मी यादी यातच निघेल. ती तुम्ही उघडपणे उतरवा, पाहुण्यांनाही द्या.

अभंगांचं मात्र नीट बघावं लागतं. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, त्यावर कुणाचा हक्क नाही. पण तोच अभंग १९७० नंतरच्या दशकांत एखाद्या नामवंत गायकानं गायला आणि कंपनीनं काढला, तर ती मुद्रिका आणि ती चाल हक्काखाली असते. ती ऐकायची असेल तर कंपनीनं स्वतः यूट्यूबवर टाकलेली ऐकावी किंवा पैसे भरून घेतलेल्या ॲपमध्ये उतरवावी. कीर्तनांचंही तसंच. बरेच कीर्तनकार आणि संस्था आपली कीर्तनं स्वतःच्या नावाच्या वाहिनीवर टाकतात. तिथून यूट्यूबच्याच डाउनलोड बटणानं उतरवून ठेवा. सगळ्याच व्हिडिओंना ते चालत नाही, आणि चाललं तरी मधूनमधून नेट लागतंच. यूट्यूबची लिंक टाकली की एमपी थ्री काढून देणाऱ्या बाहेरच्या साइट मात्र वापरू नका. यूट्यूबच्या नियमात ते बसत नाही, आणि मी पाहिलेल्या अशा बहुतेक साइटवर खऱ्या बटणाभोवती खोट्या बटणांचा गराडा असतो.

मोकळ्या फाइली मिळायची मोठी जागा म्हणजे इंटरनेट आर्काइव्ह. पत्ता आर्काइव्ह डॉट ऑर्ग. अमेरिकेतली ही ना-नफा संस्था १९९६ पासून जुनी पुस्तकं, ध्वनिमुद्रणं, चित्रफिती जपून ठेवते आणि फुकट उतरवू देते. खातं उघडायची गरज नसते. मात्र इथं कुणीही आपल्याकडची फाइल चढवू शकतं, म्हणून फाइल तिथं आहे एवढ्यावरून ती मोकळी ठरत नाही. मघाचे तीन प्रश्न तिथंही विचारायचे. नावं इंग्रजीत आणि मराठीत दोन्ही लिहून शोधा, कारण चढवणाऱ्यानं कुठली लिपी वापरली असेल याचा नेम नसतो.

फाट्यावर गेल्यावर करायचं ते असं. क्रोम उघडून आर्काइव्हचं पान लावा, गायकाचं नाव शोधा, हवी ती नोंद उघडा. पानावर खाली "डाउनलोड ऑप्शन्स" असं लिहिलेलं असतं आणि तिथं वेगवेगळ्या प्रकारांची नावं असतात. गाण्यासाठी जिथं एमपी थ्री लिहिलंय ते दाबा. फ्लॅक नावाचा प्रकार आवाजाला उत्तम, पण फाइल खूप मोठी असते आणि स्वस्तातले स्पीकर ती वाजवत नाहीत. झिप म्हणजे अनेक फाइलींचं एकत्र गाठोडं. "फाइल्स" ॲपमध्ये दाबलं की सुटतं. टॉरेंट असाही एक पर्याय दिसेल, तो सध्या सोडून द्या, त्याबद्दल पुढं सांगते. दाबल्यावर कधीकधी गाणं तिथंच वाजायला लागतं. तेव्हा कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर दाबा, तिथं डाउनलोड मिळेल. वर सूचनांच्या पट्टीत फाइल उतरताना दिसते. ती पूर्ण झाल्याशिवाय घराकडं निघू नका.

आकाराचा अंदाज असला की दोन फायदे होतात. डेटा किती जाईल ते कळतं आणि खोटी फाइलही ओळखू येते. साधारण दर्जाचं एमपी थ्री मिनिटाला एक एमबी घेतं. जुन्या तबकडीची एक बाजू तीनेक मिनिटांची, म्हणजे तीनेक एमबी. तासाभराचं कीर्तन साठ एमबीच्या आसपास. दोन तासांचा सिनेमा फोनवर बघण्याइतका बरा हवा तर पाचशे-सातशे एमबी, आणि टीव्हीवर लख्ख दिसायला हवा तर दीड-दोन जीबीच्या पुढं. तुमचा पॅक रोज दीड जीबीचा असेल तर सासूबाईंची शंभर पदं एका फेरीत येतील, पण चांगल्या दर्जाचा सिनेमा येणार नाही. आणि कुणी "पूर्ण सिनेमा" म्हणून पाच एमबीची फाइल दिली, तर त्यात सिनेमा नाही एवढं नक्की समजा.

दुसरी खूण नावाच्या शेवटच्या अक्षरांची. गाणं एमपी थ्री, एम फोर ए, वेव्ह असं संपतं. चित्र एमपी फोर किंवा एमकेव्ही. पुस्तक पीडीएफ किंवा ईपब. गाण्याच्या किंवा सिनेमाच्या नावाची फाइल एपीके किंवा ईएक्सई अशी संपत असेल तर ती उघडायची नाही, मग पाठवणारा सख्खा भाऊ का असेना. काही वेळा नावात आधी एमपी थ्री असतं आणि त्याच्याही पुढं एपीके असतं. खरं ते शेवटचं. फोनवर लांब नाव अर्धंच दिसतं, म्हणून फाइल दाबून धरून तिची माहिती उघडा आणि पूर्ण नाव वाचा.

काही पानांवर एकाच वेळी चार-पाच हिरवीगार डाउनलोड बटणं असतात. त्यातली बहुतेक जाहिराती असतात. "तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे", "पुढं जाण्यासाठी अलाऊ दाबा" असं काही आलं की ते पानच बंद करा. अलाऊ दाबलं की पुढं रोज नको त्या सूचना येत राहतात.

घरी वाजवायला व्हीएलसी नावाचं ॲप घ्या, प्ले स्टोअरमधूनच. फ्रान्समधली एक ना-नफा संस्था ते चालवते, त्यात जाहिराती नाहीत आणि जवळपास सगळ्या प्रकारच्या फाइली ते वाजवतं. पण सासूबाईंच्या उशाशी फोन ठेवण्यापेक्षा मेमरी कार्ड किंवा पेन ड्राइव्ह घालायचा छोटा स्पीकर बरा. मोठं बटण असतं, त्यांचं त्यांना दाबता येतं, आणि तुमचा फोन अडकून पडत नाही. तो कऱ्हाडच्या कुठल्याही मोबाइलच्या दुकानात मिळेल. घेताना एक एमपी थ्री तिथंच वाजवून बघा. फोनला कार्डाची जागा नसेल तर ओटीजीचा पेन ड्राइव्ह घ्या, तो फोनला थेट लागतो. "फाइल्स" ॲपमधून गाणी निवडून "कॉपी टू" केलं की झालं. कार्ड जुन्या पद्धतीनं, म्हणजे फॅट ३२ असं तयार केलेलं असेल तर त्यावर चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. गाण्यांना याची अडचण नाही, सिनेमाच्या वेळी लक्षात ठेवा.

माळ्यावर जुन्या कॅसेट आहेत का, तेही बघा. स्वतः विकत घेतलेल्या कॅसेटचं घरात ऐकण्यासाठी फाइलीत रूपांतर करणं हे खासगी वापरात मोडतं, आणि त्याला कायद्यात वाव आहे. चालू टेपरेकॉर्डर, एक वायर, कॉम्प्युटर आणि ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर एवढ्यावर हे काम होतं. लग्नाची कॅसेट डिजिटल करून देणारे फोटो स्टुडिओ हेही करतात. सासूबाईंनी स्वतः पैसे टाकून घेतलेली कॅसेट पुन्हा ऐकवता आली, तर त्याहून चांगली फाइल मी तुम्हाला कुठून शोधून देणार!

आता सिनेमाचं. तुमच्या शेजारच्या मुलानं दिलेल्या लिंकवर नवे मराठी सिनेमे असतील आणि "सगळेच बघतात" असं तो म्हणेल. माझं मत स्पष्ट आहे, ते घेऊ नका. मराठी सिनेमाला थिएटरमध्ये मोजके खेळ आणि मोजके आठवडे मिळतात. पहिल्या शनिवार-रविवारी त्याची चोरलेली प्रत फोनाफोनांत फिरली की निर्मात्याचे पैसे बुडतातच, पण पुढचा सिनेमाही उभा राहत नाही, आणि त्यावर पोट असलेला स्पॉटबॉय, मेकअपवाला, लाइटवाला घरी बसतो. कायदाही कडक आहे. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा बदलला. सिनेमा चोरून चित्रित करणं आणि चोरलेली प्रत नफ्यासाठी लोकांना दाखवणं यासाठी तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद, आणि किमान तीन लाख रुपये ते निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

टॉरेंटच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. हे तंत्र २००१ साली निघालं. त्यात फाइलीचे बारीक तुकडे होतात आणि ती एका ठिकाणाहून न येता, ज्यांच्याकडं ती आहे अशा अनेकांच्या यंत्रांवरून तुकड्या-तुकड्यांनी येते. तंत्र चांगलं आहे, मोठ्या मोफत फाइली वाटायला त्याचा प्रामाणिक उपयोग होतो. पण तुमच्याकडं तुकडे येत असतानाच तुमच्या फोनमधून ते पुढच्याला जातही असतात. म्हणजे चोरीचा सिनेमा टॉरेंटनं उतरवणारा नुसता घेणारा राहत नाही, वाटणाराही होतो. शिवाय तुमचा रोजचा डेटा दोन्ही बाजूंनी संपतो.

सिनेमा बघायचे खरे मार्ग तुमच्या हाताशी आहेत. पैसे भरून घेतलेल्या ॲपमध्ये उतरवा. उतरवताना दर्जा मध्यम ठेवा, जागा आणि डेटा दोन्ही वाचतात. कऱ्हाडला ज्यांच्याकडं वायफाय आहे अशा नातेवाइकांकडं गेलात तर तिथं उतरवून घ्या, आणि ॲपच्या सेटिंगमध्ये "फक्त वायफायवर डाउनलोड" चालू ठेवा, म्हणजे पॅक चुकून संपणार नाही. अनेक निर्माते आपली जुनी नाटकं आणि सिनेमे स्वतःच यूट्यूबवर टाकतात. वाहिनीच्या नावावर दाबून ती कुणाची आहे ते वाचायची सवय लावा. निर्मात्याची, कंपनीची किंवा दूरदर्शनची असेल तर निर्धास्त बघा. "फुल मूव्ही एचडी" अशा कुठल्यातरी नावाची असेल तर सोडा.

पुस्तकांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगावंसं वाटतं. सासूबाईंना वाचून दाखवायला उपयोग होईल. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ आपली पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत देतं. ई साहित्य प्रतिष्ठानही मराठी पुस्तकं मोफत उतरवू देतं. मराठी विकिस्रोत या इंटरनेटवरच्या मोफत ग्रंथालयात हक्क संपलेली जुनी पुस्तकं आहेत. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०११ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे. एका पुस्तकाची पीडीएफ बऱ्याचदा गाण्यांच्या चार-पाच फाइलींएवढीच असते.

पहिल्या फेरीला फार मोठा बेत करू नका. सासूबाईंना विचारून दहा पदांची नावं कागदावर लिहून न्या. फोन पूर्ण चार्ज करून आणि किमान एक-दोन जीबी जागा मोकळी करून निघा. व्हॉट्सॲपवर आलेले सुप्रभातचे व्हिडिओ काढले तरी तेवढी जागा निघेल. दहा उतरली की फाट्यावरच फ्लाइट मोड लावून त्यातलं एक वाजवून बघा. रेंज नसताना ते वाजलं म्हणजे फाइल खरोखर फोनमध्ये आली आहे. घरी आल्यावर स्पीकरच्या कार्डात एक प्रत आणि पेन ड्राइव्हवर दुसरी प्रत ठेवा, कारण ही स्वस्त कार्डं न सांगता बिघडतात. आणि एखादं पद कुठंच सापडलं नाही तर त्याची पहिली ओळ आणि नाटकाचं नाव मला कळवा, मी शोधते.